मुंगीचं झुकतं माप

मापाच्या बाबतीत मला कोणी शिकवायला येऊ नये. एक्केचाळीस वर्षं मी धान्याच्या गोदामात तोलारी होतो. गहू, मका, बियाणं, पेंड, सगळं माझ्या काट्यावरून गेलंय. पोत्याला नुसता खांदा लावला की आत किती आहे ते सांगायचो, आणि माझ्याशी वाद घालायला काटासुद्धा धजायचा नाही! म्हणून लेक जेव्हा म्हणाली, "बाबा, दीड महिना मुंगीच्या खाण्याचं तुम्ही बघा," तेव्हा मला हसूच आलं.

मुंगी म्हणजे लेकीने आणलेलं कुत्र्याचं पिल्लू. नाव थट्टेने ठेवलेलं. वय तीन महिने, वजन चौदा किलो, पंजे बशीएवढे. ही जात पुरती वाढली की मागच्या पायांवर उभी राहून माणसाच्या खांद्यावर हात टाकते, म्हणे. खरं सांगतो, मला तिची धास्तीच होती. ती जांभई द्यायची आणि मी आपली बोटं मोजून घ्यायचो.

लेक पूल बांधणाऱ्या कंपनीत आहे. तिला दीड महिन्यासाठी दूरच्या कामावर जायचं होतं. जाण्याआधी तिने फ्रीजच्या दारावर एक कागद चिकटवला. मी साठी ओलांडल्यावर अक्षरं शिकलो, तीही तिच्याचकडून. त्यामुळे तो कागद मी सगळ्यांसमोर, बोट ठेवून, मोठ्याने वाचला. दिवसातून चार वेळा. डबीच्या रेघेपर्यंत कोरडे दाणे. दूध नाही, हाडं नाहीत, ताकदीची पावडर नाही. दर रविवारी वजन करून कळवणे. आठवड्याला दोन किलोच्या वर वाढ नको.

"नको म्हणजे? वाढणाऱ्या जिवाला कोणी अडवतं का?"

"बाबा, हिची हाडं अजून कच्ची आहेत. वजन पुढे पळालं आणि हाडं मागे राहिली तर पुढचे पाय वाकतात. मग जन्मभर तशीच. अंगावरून हात फिरवला की बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत."

"बरं, बरं."

"बरं बरं नाही. हे काम मी आईला देत नाहीये, तुम्हाला देतेय. आई मनाने वाढते. तुम्ही मापाने देता."

आमची ही दारातच उभी होती. तिने नाक मुरडलं. माझी मात्र छाती फुगली. आयुष्यात मला कोणी कागद लिहून देऊन भरवशाचं काम दिलं, ते हे पहिलंच!

त्याच संध्याकाळी मी कामाला लागलो. डबी घेतली. दाणे बरोबर रेघेपर्यंत भरले. डोळा रेघेच्या पातळीत आणून खात्री केली. मग वर एक मूठ टाकली.

ही मूठ कसली, ते सांगतो. गोदामातल्या ज्या वस्तादाकडे मी तराजू धरायला शिकलो, त्याची शिकवणच होती की पारडी समसमान झाली म्हणजे तोलाऱ्याचं काम संपत नाही. घेणाऱ्याचं पारडं झुकलं पाहिजे. वर एक मूठ. ती मोजायची नाही, बोलायची नाही. त्या मुठीशिवायचं माप म्हणजे टोपीशिवायचा हवालदार! चाळीस वर्षांत ती मूठ माझ्या हातात इतकी मुरली, की हात टाकतो आणि मला पत्ताही नसतो.

भरलेला वाडगा मी हिच्या हातात द्यायचो. खाली ठेवायचं काम हिचं. कारण वाडगा दिसला की मुंगी मालगाडीसारखी यायची, आणि मालगाडीच्या वाटेत उभं राहायचं माझं वय नाही.

पहिला रविवार आला. आमच्या खाली राहणारे टेलरमास्तर मदतीला वर आले. मुंगीला काट्यावर बसवलं. साडेसतरा!

चौदा आणि दोन सोळा. मी पुन्हा बसवलं. साडेसतराच.

"काटा बिघडलाय," मी म्हणालो. तोलारी पहिला संशय काट्यावर घेतो. "अगं, तू उभी राहा बघू."

"मी का?"

"तुझं वजन मला पाठ आहे."

"मास्तरांच्या देखत?" ही अशी काही बघू लागली की मी विषय बदलला. शेवटी पाच किलोची दाण्यांची सीलबंद पिशवी ठेवून बघितली. काटा म्हणाला पाच. काटा साफ होता!

मास्तरांनी गळ्यातली टेप काढून मुंगीची छाती मोजली, सवयीने कानामागची पेन्सिलही काढली. "तोलारीबुवा, आठवड्यात तीन इंच! गिऱ्हाईक असतं तर मी कापड घेतलंच नसतं. उसवायला जागाच नाही हो."

"पाय बघा ना. सरळ आहेत ना?"

"आज आहेत," मास्तर म्हणाले. "माझ्या साडूकडे असाच कुत्रा होता. भारी जातीचा. खाऊन खाऊन असा वाढला, आणि मग पुढचे पाय..." त्यांनी दोन्ही कोपरं बाहेर काढून हातांचा कंस केला. "बसला की उठेना. उठला की बसेना."

"मग पुढे?"

"पुढचं नका विचारू."

मी विचारलं नाही. लेकीला कळवलं, 'काटा तपासत आहे.' हे खोटं नव्हतं. फक्त तपासून झालं होतं.

सोमवारपासून मी दाणे कमी केले. रेघेच्या खाली एक बोट! पण मुंगी माझ्याकडे अशी बघायची की गोदामाच्या दारातून कोणाला रिकाम्या पोत्यानिशी परत पाठवतोय असं वाटायचं. आता मागे वळून बघताना कळतं, माप जितकं खाली गेलं तितकी मूठ मोठी होत गेली. तेव्हा मात्र मी प्रत्येक जेवणानंतर स्वतःला बजावत होतो, शाब्बास, किती कडकपणे देतोस!

दुसरा रविवार. साडेएकवीस.

मी मुंगीच्या बरगड्या चाचपल्या. कुठे आहेत बरगड्या? गादीतला कापूस चाचपावा तसं लागत होतं. तिला वाटलं मी लाड करतोय. ती उताणी झाली आणि माझ्या पावलावर पडली. पाऊल अर्धा तास सुन्न होतं.

फोन वाजला. लेक.

"बाबा, वजन?"

मी हिच्याकडे बघितलं, हिने मुंगीकडे बघितलं, मुंगीने वाडग्याकडे.

"अठरा," मी म्हणालो.

"वा! अगदी मापात. मला माहीतच होतं."

फोन ठेवला. एक्केचाळीस वर्षांत मी एकदाही खोटं वजन सांगितलं नव्हतं. गोदामात मालकाने डोळे वटारले तरी नाही. आणि आज पोटच्या पोरीला साडेतीन किलो कमी सांगितले!

"सांगून टाका तिला," ही म्हणाली.

"काय सांगू? मी कागदाप्रमाणे देतोय, कमीच देतोय, आणि ही फुगत चाललीय! तिला वाटेल बापाला कागदच वाचता आला नाही."

ते खरं भय होतं. मी कागद पुन्हा पुन्हा वाचला. एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचला. चष्मा पुसून वाचला. मास्तरांकडून वाचून घेतला. अक्षर अन् अक्षर बरोबर होतं. मग चुकत होतं कुठे?

पुढच्या शनिवारी सकाळी मुंगी पायरी चढेना. पुढचा उजवा पंजा टेकवायची आणि उचलायची. मास्तरांचा तो कंस माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. वजन करायलाही रविवारची वाट बघवेना. काट्यावर घेतली. पंचवीस!

"अहो, डॉक्टर!" ही ओरडली.

उचलणार कशी? मास्तरांनी कापडाचे तागे ने-आण करायची ढकलगाडी काढली. मुंगी तिच्यावर राणीसारखी बसली. आम्ही तिघं ढकलत होतो. रस्त्यात लोक बाजूला होत होते. एका बाईंनी विचारलं, "घोड्याचं शिंगरू का हो?" आमच्यापैकी कोणालाही हसू आलं नाही.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण नजर करारी. त्यांनी पंजा दाबला. मुंगीने "कुंई" केलं.

"फोटो काढावा लागेल हाडांचा. तोवर सांगा, खायला काय देता?"

मी कागद तोंडपाठ म्हणून दाखवला. शाळेतल्या मुलासारखा, हात मागे बांधून.

"पावडर? दूध?"

"शिवलं नाही."

"घरात दुसरं कोणी काही देतं?"

"मी एक दाणाही दिलेला नाही!" मास्तर ताडकन म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "फक्त टोस्ट."

"किती?"

"आता टोस्ट काय कोणी मोजतं, बाई? ती नुसती हवा असते."

बाईंनी लिहून घेतलं. "तेवढ्याने एवढं वाढणार नाही. आजोबा, तुम्ही डबी कशी भरता ते दाखवा."

डबी मी बरोबर आणली होती. त्यांनी दाण्यांचं पोतं उघडून दिलं. मनात म्हटलं, आता दिसेल बाईंना कारागिरी! कागदात आहे तसं मी रेघेपर्यंत भरलं. डोळा पातळीत आणला. वर मूठ टाकली. वाडग्यात ओतलं, वाडगा हिच्याकडे दिला. आणि हिने, माझ्याकडे न बघता, सहज, पोत्यातून आणखी एक मूठ घेऊन त्यावर टाकली.

बाईंचं पेन थांबलं.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"कुठे काय?" आम्ही दोघं एकदम म्हणालो.

"हे वरचं."

"ते होय! ते मापात धरत नाहीत," मी म्हणालो. आणि म्हणता म्हणता हिच्याकडे वळलो. "पण तू कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. तुमच्यासारख्या माणसाचा संसार केलाय चाळीस वर्षं. तुम्ही कागद वाचायला लागल्यापासून हात आखडता घेतलात असं वाटलं मला. घरची रीत मोडायला नको म्हणून मी टाकत होते."

बाईंनी वाडगा काट्यावर ठेवला. "रेघेला दीडशे ग्रॅम. हे दोनशे साठ. दिवसातून चार वेळा, तीन आठवडे. आजोबा, हिने तीन आठवड्यांत पाच आठवड्यांचं खाल्लंय. अधिक टोस्ट."

"नुसती हवा," मास्तर पुटपुटले.

मग मुंगीला आत नेलं आणि आम्हाला बाहेर बाकावर बसवलं. ती वीस मिनिटं मी विसरणार नाही. समोर भिंतीवर एका धावत्या कुत्र्याचं चित्र होतं. त्याचे पाय सरळ, सुतासारखे. मी दुसरीकडे बघितलं. माझा उजवा हात मांडीवर पडला होता आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. याच हातावर लोकांनी विश्वास टाकला. याच हाताने प्रेमाने, मूठ मूठ करून, एका मुक्या जिवाचे पाय मोडले की काय?

ही हळूच म्हणाली, "माझीही होती त्यात." आणि तिने आपला हात माझ्या हातावर ठेवला. मास्तर खिशातून टोस्ट काढू लागले, पण आमचे चेहरे बघून त्यांनी तो परत ठेवला.

दार उघडलं.

"हाडं सरळ आहेत," बाई म्हणाल्या. मी उठलो आणि लगेच बसलो. "सांध्यांवर ताण आलाय. आणखी महिनाभर असंच चाललं असतं तर मात्र माझ्या हातात काही नव्हतं. आता वजन हळूहळू आवरायचं. जिना बंद, उड्या बंद, मुठी बंद!"

घरी येताच मी लेकीला फोन लावला. मास्तर म्हणाले, उद्या लावा. मी म्हटलं, नाही, उद्यापर्यंत माझं धाडस उतरेल.

"अठरा नव्हते," मी म्हणालो. "साडेएकवीस होते. आज पंचवीस आहेत. कागद नीट वाचला होता गं मी. हात चुकला." आणि मुठीपासून सगळं सांगितलं.

पलीकडे पुलावरचा वारा तेवढा ऐकू येत होता.

"पाय ठीक आहेत ना?"

"ठीक आहेत."

"तुम्ही?"

"मी... बसून आहे."

"बाबा," ती म्हणाली आणि मला वाटलं आता रडते की काय, तर हसत होती! "तरीच माझे लहानपणीचे सगळे फोटो तसे गोलमटोल आहेत! पण खोटं वजन पुन्हा सांगायचं नाही. मला रोजच्या रोज खरं हवं."

"सांगेन. आणि माप?"

"माप आता तुम्ही दोघांनीही करायचं नाही."

झालं! डॉक्टरीणबाईंकडून एकेका वेळच्या चिकटवलेल्या कागदी पुड्या यायला लागल्या. वर लिहिलेलं, १५० ग्रॅम. एक्केचाळीस वर्षांच्या तोलाऱ्याने आता कात्री घ्यायची आणि पुडी फोडायची. एवढंच काम!

पहिल्या सकाळी मी पुडी फोडण्याआधी सहज स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. एकशे छप्पन!

सहा ग्रॅम जास्त! दिवसाला चोवीस! दुसरी ठेवली, तिसरी ठेवली. सगळ्या एकशे छप्पन. म्हणजे दवाखान्यातही मूठ टाकणारं कोणी बसलंय! डोळ्यांसमोर मुंगीचे पाय आले. सकाळचे पावणेसात वाजले होते. मी तसाच फोन लावला.

"बाई, घात झाला! तुमच्या पुड्यांत झुकतं माप आहे! सहा ग्रॅम! मी मुंगीला हे देणार नाही!"

पलीकडून झोपाळलेला आवाज आला, "आजोबा, पुडी रिकामी करा."

केली.

"आता रिकामा कागद काट्यावर ठेवा."

ठेवला. सहा ग्रॅम.

रिकाम्या पोत्याच्या वजनाला आम्ही तोलारी बारदान म्हणतो. माल तोलला की बारदान वजा करायचं, हे गोदामातला नवशिक्या पहिल्या दिवशी, पहिल्या तासात शिकतो. मी बाईंना म्हणालो, "तुमची परीक्षा बघत होतो," आणि फोन ठेवला.

मुंगीला बरोबर दीडशे ग्रॅम दिले. हे सगळं तुम्हाला सांगितलं, लेकीलाही सांगेन. मास्तरांना मात्र बोलू नका. माझ्या मापाने शिवलेले, पण मला तोकडे झालेले दोन सदरे अजून त्यांच्याकडे पडलेत, आणि ते आधीच म्हणायला लागलेत की माप चुकवण्यात आपण दोघं एकाच धंद्यातले!