गिअरबॉक्सात घरचं खोबरेल

"ब्रेकची अस्तरं पार गेलीत, भाऊ," गाडीखालून दादू मेकॅनिकचा आवाज आला. "आनि गिअरबॉक्सातलं तेल नुसतं डांबर झालंय. दोनी आजच करून टाका."

भाऊ राऊत अलिबागच्या एका हायस्कुलात बावीस वर्षं विज्ञान शिकवत होते आणि थळला त्यांची माडांची वाडी होती. या गाडीचे ते तिसरे मालक. तिच्या मैलांच्या चकतीवर एकतीस हजार दिसत. आकडा नव्व्याण्णव हजारांपुढे जाऊन शून्यापासून पुन्हा सुरू झाला आहे, हे भाऊ सहसा कोणाला सांगत नसत. आज तर मुळीच सांगणार नव्हते. दुपारी मुंबईहून सावे पतीपत्नी भाऊंच्या मुलीला, सरोजिनीला, आपल्या मुलासाठी पाहायला यायचे होते. त्यांना रेवसच्या धक्क्यावरून आणायचं आणि उद्या सकाळच्या लाँचवर पोचवायचं, तेही स्वतःच्या मोटारीतून, असं भाऊंनी पत्रातच कळवलं होतं. आधीची दोन स्थळं 'कळवतो' म्हणून गेली होती.

"ब्रेक तू कर. तेलाचं मी बघतो."

"गिअरचं तेल येगलं असतंय भाऊ. अलिबागला मिलतंय."

"दादू, तेलाचं काम काय? घर्षण कमी करणं. ते आमच्या वाडीचं खोबरेल करत नाही?"

दादूनं वाद घातला नाही. मास्तरांनी त्याला आठवीत दोनदा नापास केलं होतं.

दुपारी सगळं झकास झालं. ब्रेक चोख लागत होते, गिअर लोण्यासारखे पडत होते. पोहे झाले, सरोजिनीला प्रश्न विचारून झाले, रात्री जेवणं झाली. सावे मंडळी कमी बोलत, त्यामुळे त्यांच्या मनातलं कळेना. अंगण विहिरीकडे उतरतं असल्यामुळे भाऊंनी नेहमीप्रमाणे गाडी रिव्हर्स गिअरमध्ये टाकून ठेवली. जानेवारी होता. पहाटे इतका गारठा पडला की भाऊंच्या पत्नी अंबिकावहिनींनी पाहुण्यांना शाल दिली.

सहाला गाडी सुरू झाली, मागे सरकत अंगणाबाहेर रस्त्यावर आली आणि तिथं अडली. गिअरचा दांडा हलेना. भाऊंनी एका हातानं ओढला, दोन्ही हातांनी ओढला, पाय टेकवून ओढला. मग खाली उतरून त्यांनी गिअरबॉक्सचं बूच काढलं आणि आत बोट घातलं. बोटाला पांढरंशुभ्र लोणी लागलं.

भाऊ त्या बोटाकडे पाहत राहिले. दर हिवाळ्यात ते आठवीच्या वर्गात खोबरेलाची बाटली नेत आणि ती उलटी धरून विचारत, "मुलांनो, हे का सांडत नाही?" बावीस वर्षांत हा प्रश्न त्यांनी स्वतःला एकदाही विचारला नव्हता.

"भाऊ, थिजलंय का?" डबा द्यायला आलेल्या सरोजिनीनं हळूच विचारलं.

"हं."

"मग रिव्हर्समध्येच न्या. गिअरचे दाते फिरले की तेल तापेल आणि सुटेल. तुमची मान वळत नाही, मी शेजारी बसून सांगते."

एकच अडचण होती. मागच्या काचेतून रस्ता दिसायला हवा, तर तिथं पाहुण्यांची दोन डोकी होती. सरोजिनीनं अतिशय अदबीनं विनंती केली. धर्माजीराव सावे टोपी मांडीवर घेऊन वाकले, त्यांच्या शेजारी सावेबाई वाकल्या. लग्न ठरण्याआधीच वरपक्ष वधूपित्यापुढे असा वाकलेला थळच्या रस्त्यानं पूर्वी पाहिला नव्हता.

"डावीकडे, भाऊ. अजून थोडं. थांबा."

मासळीची पाटी घेतलेली ठमी समोर, म्हणजे मागे, उभी होती. नवे ब्रेक इतके करकचून लागले की वाकलेली दोन्ही डोकी ताडकन वर आली.

"मास्तर, घरी काय इसरलाव?" ठमीनं विचारलं. मग तिची नजर आत गेली. "आनि हे पावने कंचे? आताच तर गाडी रिकामी होती."

"तू पुढं हो, ठमे."

"पुढं कंच्या बाजूला?"

सावे मंडळी पुन्हा वाकली. चोंढीचा नाका दिसायला लागला तेव्हा धर्माजीराव गुडघ्यांमधून वास घेत म्हणाले, "कुठं तळण चाललंय का?" त्याच क्षणी दांडा खट्कन सुटला. भाऊंनी गाडी वळवली आणि पाहुण्यांना सरळ बसायची परवानगी दिली.

"राऊत, तुमचा मेकॅनिक बदला," टोपी घालत धर्माजीराव म्हणाले. "चांगल्या माणसाची फजिती केली त्यानं."

भाऊंना वाटलं, हो म्हणावं. दादू इथं नाही, आणि सोयरीक इथं आहे. त्यांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून शेजारच्या सरोजिनीकडे पाहिलं. ती बाहेर पाहत होती.

"दादूनं ब्रेक घातले," ते म्हणाले. "तेल मी घातलं. खोबरेल. घरचं."

गाडी रेवसला पोचली. लाँचची शिटी झाली होती. धक्क्यावर धर्माजीराव घाईनं पुढे गेले; सावेबाई मात्र वळल्या आणि त्यांनी सरोजिनीचा हात धरला.

"आमच्याकडून होकार आहे," त्या म्हणाल्या. "आमचा मुलगा असाच आहे. माझ्या शिवणयंत्राला त्यानं साजूक तूप घातलं. मुंग्या लागल्या. वर मलाच समजावलं, तूप शुद्ध होतं म्हणून. त्याला निस्तरणारी कोणीतरी हवी होती."

लाँच सुटली. परतताना चोंढीचा नाका मागे पडला.

"सरू," शेवटी ते म्हणाले, "घाई नको करायला. त्या मुलाची नीट चौकशी करू या."

"आईच्या वडलांनी तुमची केली नव्हती?"

"केली होती."

"मग?"

"त्यांना कोणीतरी सांगितलं, मुलगा विज्ञान शिकवतो."