दादाराव गुरुजींचा आहेर

लग्नात लोक आहेर म्हणून भांडी देतात, लुगडी देतात. आमचे दादाराव गुरुजी आकडा देत. कागदाला कुंकवाचं बोट आणि खाली एक भलीमोठी मूळ संख्या, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून कशानेच पुरता भाग न जाणारी. कागद नवरदेवाच्या हातात कोंबून म्हणत, "तोडून पाह्य! कोणाच्या बापाले तुटत नाही. तुमचा संसारही असाच राहो."

एकाला दिलेली संख्या दुसऱ्याला देत नसत. त्यामुळे लग्नसराईच्या आधीपासून पाटीवर भागाकार सुरू. शेर जाऊन किलो नुकताच आला होता. दारव्ह्याच्या बाजारात सारे हिशेबाने बावचळलेले, आणि गुरुजींची बोटं हवेत भागतायत. भाजीवाली ओरडे, "गुरुजी, वांगे घेता का भागता?"

माझ्या लग्नात मला ९९,९९१ मिळाली. मी कापसाच्या जिनातला कारकून, त्यातून नवरदेव. अक्कल दोन्हीकडून गहाण. बाशिंग वर सारून मांडवातच मी त्याच कागदावर साताने भाग दिला आणि ओरडलो, "गुरुजी, तुटली तुमची!"

वऱ्हाडी खो खो हसले. गुरुजींचा चेहरा मात्र उतरला. "नोको बापू, तसं नोको म्हणू," एवढंच पुटपुटले आणि पंगतीला न थांबता घरी गेले.

दुसऱ्या दिवशी कमलने, म्हणजे माझ्या ताज्या बायकोने, तो कागद पाहिला.

"अहो, तुम्ही सात चोक एकतीस धरले."

"मग?"

"आमच्या माहेरी, बोरी अरबाले तं अठ्ठावीसच होते. दारव्ह्यात वाढवले काय?" ती उठलीच. "तीन उरतात. चला, गुरुजींले सांगू. उपाशी गेले ते."

गुरुजी ओट्यावर बसले होते. कमलने सांगितलं, तर म्हणाले, "मले मालूम हाये, पोरी. पण शब्द निंघाला ना मांडवात. माह्या लग्नातही कोणीतरी असंच हासत म्हटलं होतं. साल नाही सरलं, अन् माही बायको गेली."

मला जमिनीत शिरावंसं वाटलं. कमलने मात्र पाटी ओढली. "मंग माह्या हातानं पाहू द्या. अकरानं?"

अकराने एक उरला. गुरुजींनी चहा टाकला. घरात कप एकच. तो कमलला, मला वाटी, स्वतःला गडवा.

"आता तेरा," गुरुजी म्हणाले. आठ उरले.

"आता सतरा."

"गुरुजी, तुमचं तं हे सारं आधीच करून झालं असन," मी म्हणालो. कमलने मला कोपर मारलं. सतराने चौदा उरले, तोवर ऊन ओट्यावरून उतरलं होतं. तिने पाटी पुसली.

"एकोणीस उद्या. आमच्या घरी जेवाले या, मंग भागू."

गुरुजी जरा चाचरले. "खात्री कराले तीनशे तेरापर्यंत भागत जा लागते, पोरी."

"जाऊ नं," कमल म्हणाली.