शिक्र्याचं बारावं पीस

आमच्या म्हसावद गावाने सत्याला आयुष्य वाहिलेला एक माणूस दिला. ते सत्य तो पक्ष्यांच्या शेपटीत शोधायचा, म्हणून फारसा बोलबाला झाला नाही.

भटूआप्पा आमच्या शाळेत चित्रकला शिकवायचे, मी मराठी. एखाद्या पोराने मोराला भरघोस पिसारा काढला की ते विचारत, "तू मोजेल शे का?" स्वतः मोजत. पपईच्या बागांमधून दुर्बीण घेऊन तासन्‌तास उभे राहत. शेतकऱ्यांना आधी वाटलं, पीकविम्याचा माणूस आला. "मी देखं तेच काढस," हे त्यांचं पालुपद. त्यांच्या निरोपसमारंभात मी या एका वाक्यावर वीस मिनिटं बोललो होतो. ते भाषण अजून माझ्या कपाटात आहे. मी ते उघडत नाही.

निवृत्तीनंतर वर्षभर त्यांनी एकच चित्र रंगवलं. विजेच्या तारेवर बसलेली, शिक्रा या लहान शिकारी पक्ष्याची मादी. नजर अशी, की समोरच्याने नकळत सदरा नीट करावा. शेपटीत मात्र एक फट होती. बाराऐवजी अकराच पिसं.

शाळेच्या वर्धापनदिनाला मोठे पाहुणे येणार होते आणि भेटवस्तूची जबाबदारी माझ्याकडे होती. मी चित्र मागितलं, आप्पांनी लगेच दिलं. मग मला ती फट दिसली. पाहुण्यांना अर्धवट पक्षी कसा द्यायचा, तेवढं एक पीस भरून टाका, म्हणालो. कला सत्याच्याही पुढे जाते, असंही मी काहीतरी बोललो. दोन दिवसांनी चित्र आलं. शेपटी भरलेली होती. खालची सही पुसलेली होती.

पाहुण्यांनी शाल नेली, नारळ नेला. चित्र खुर्चीवर राहिलं. ते परत द्यायला मी आप्पांकडे गेलो, तर त्यांनी हात लावला नाही. चष्म्याचं घर उघडून माझ्यापुढे धरलं. आत एक पट्टेरी पीस होतं. ही मादी रोपवाटिकेच्या जाळीत अडकली होती आणि आप्पांनी जाळी कापून तिला सोडवलं होतं.

"सोडता सोडता मन्हा हातमा निंघी उनं," ते म्हणाले. "मन्ही चूक व्हती, सर. म्हनीसन जागा सोडेल व्हती."

मग भरलं कशाला, असं मी विचारलं. विचारायला नको होतं.

"तुम्हीच सांगेल व्हतं ना."

चित्र आता शाळेच्या कार्यालयात आहे, हजेरीच्या यंत्राच्या वर. अकरा पिसं दुर्बिणीतून पाहून काढलेली आहेत. बारावं समोर ठेवून काढलं, त्यामुळे तेच सगळ्यांत हुबेहूब आलं आहे.