दुष्काळाला लागलेला काळा डाग

हिंदुराव जगदाळ्यांना दुष्काळ हवा होता, आणि दुष्काळ नटूनथटून वेशीवर उभा होता.

त्र्याहत्तरचा मे महिना. माढ्याकडच्या त्या गावात विहिरीच्या तळाला भेगा पडलेल्या. दिवसाआड टँकर येई, तेवढंच पाणी. पण मुंबईचे टीव्हीवाले येणार हे कळल्यावर बायकांनी ट्रंकेतली लग्नातली लुगडी काढली. रंभाबाईनं तर शेजारणीची बोरमाळही मागून घातली.

हिंदुराव मुंबईच्या टीव्हीत माहितीपटांचे निर्मातेही होते आणि दिग्दर्शकही. तरी चूक नेहमी कॅमेरामन जालिंदरचीच निघायची. त्यांचा पहिला माहितीपट मधमाश्यांवर होता. तो मधमाश्यांनीच संपवला. दुसरा सोलापुरी चादरीवर. त्यात मंत्री दिसले आणि त्यांच्यामागं थोडीशी चादर. आता तिसरा जमला तर जर्मनीत प्रशिक्षण मिळणार होतं. जर्मनीला जायचं तर मरगळलेलं गाव पाहिजे, आणि हे गाव काजळ घालून बसलेलं.

"हे काय? लग्न आहे का कुणाचं?" त्यांनी सरपंच धोंडीरामला विचारलं.

"फोटूला कोन फाटकं नेसतंय, सायेब?"

फाटकी नेसून या, असा हुकूम सुटला. पण घरातली फाटकी लुगडी केव्हाच बोहारणीकडे जाऊन त्यांची भांडी झालेली. मग साहेबांनी होती तीच लुगडी धुळीत मळवायला लावली. रंभाबाईचं जरा जास्तच झळकत होतं, म्हणून जीपच्या इंजिनातलं काळं तेल आणून तिच्या पदराला पुसलं. फिल्म बघून सरकार गावाला तलाव देईल, असं साहेब म्हणाले होते. तलावापायी तिनं तेही सोसलं.

रिकाम्या घागरी घेऊन बायकांची रांग विहिरीकडे निघाली. चेहरे हवे तसे पडले होते. कॅमेरा सुरू झाला आणि नेमका त्याच वेळी टँकर हॉर्न वाजवत आला. रांग मोडली. बायका हसत टँकरकडे पळाल्या.

"हसताय काय? तुम्ही तहानलेल्या आहात," हिंदुराव ओरडले.

"आता पानी आलं की," रंभाबाई म्हणाली.

हिंदुरावांनी टँकरवाल्या महिपतीला सांगितलं, शॉट बिघडतोय, परत जा आणि उद्या ये. एवढा सोयीचा हुकूम महिपतीला जन्मात मिळाला नव्हता. त्यानं तिथल्या तिथं गाडी वळवली.

धूळ खाली बसली, तेव्हा रंभाबाई जीपच्या चाकापुढं घागर ठेवून बसली होती.

"टँकर तुमी घालवला. आता तुमीच आना."

शेवटी जीप टँकरच्या मागं पाठवावी लागली. धोंडीराम त्यात बसून गेला. टीव्हीवाले गावात राहिले आणि त्यांचा पाण्याचा कॅन जीपबरोबर गेला.

दुपार चढली. हिंदुरावांनी पहिल्या दारात मराठीत पाणी मागितलं, दुसऱ्या दारात इंग्रजीत, तिसऱ्या दारात नुसता हात पुढं केला. तिसरं दार रंभाबाईचं होतं.

"पानी न्हाय, सायेब. घागरी रिकाम्याच दिसाय पायजेत, असं तुमीच म्हनला की."

टँकर परतला तो दिवस कलता. सगळ्यांत आधी धावले ते हिंदुराव. बायकांनी रांगेत उभं राहायला सांगितलं, तर त्यांना कोपरांनी ढकलून ते घुसले. चष्मा पडला. धुळीनं माखलेला तो माणूस टँकरच्या नळाला तोंड लावून, डोळे मिटून पीत राहिला. जालिंदरनं कॅमेरा चालू ठेवला.

मुंबईत वरच्या साहेबांनी फिल्म पाहिली. तेल फासलेला पदर दिसला, तेव्हा त्यांनी रुमाल काढला. काय अस्सल गरिबी आहे, म्हणाले. मग तो नळाचा शॉट आला.

"हा इसम कुठून आणला?"

जालिंदर छताकडे बघत होता.

"बाकी सगळं खरं आहे. हा एकटाच नाटक करतोय. तहानलेला माणूस असा पितो का कधी? काढून टाका."

हिंदुरावांनी तो शॉट स्वतःच्या हातानं कापला. कुणी गावगुंड मध्येच घुसला होता, असंही सांगितलं. ते जर्मनीला गेले, आणि माहितीपटातलं सत्य या विषयावर तिथं बोलले म्हणतात.

तलाव आला नाही. रंभाबाईनं बोरमाळ परत दिली आणि लग्नातलं लुगडं डागासकट ट्रंकेत ठेवलं. टँकरच्या पाण्यात लुगडी धुवायची चैन गावाला परवडत नव्हती.