कोकोमोचा टेरी आणि सात सेकंद

पूर्वार्ध

आधी एक खुलासा. ही गोष्ट चार भागांत लिहायची होती. पण वर्लिन स्टकीने त्याला कडाडून हरकत घेतली असती! चार भाग असतात ते व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये. कॉलेजच्या पोरांचा सामना दोन अर्धांचा. आणि वर्लिनच्या लेखी खेळ तोच. बाकी सर्कस.

तेव्हा दोन अर्ध. मधे मधे टाइमआउट. चला.

वर्लिन राहतो इंडियानातल्या टिल्डन गावात. वय एकसष्ट. धंदा, लोकांची घरं गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करण्याचा. दर सोमवारी संध्याकाळी सहाला टिल्डन कॉलेजचे कोच हेल्मर खाणावळीत माइकसमोर बसत, पावाच्या बाहेर चारी बाजूंनी लोंबणारं तळलेलं पोर्क खात आणि रेडिओवर लोकांचे फोन घेत. त्याच वेळी वर्लिन गॅरेजमध्ये जाई, दार लावून घेई आणि आवाज जाड करून, शेजारच्या गावचा असल्याचं भासवत फोनवर म्हणे, "कोकोमोचा टेरी बोलतोय!"

अकरा वर्षं! आणि अकरा वर्षांत गावात कुणाला संशयसुद्धा आलेला नाही, अशी त्याची खात्री होती.

"टेरी, आधी रेडिओ बारीक करा," कोच म्हणाले.

"केला. कोच, तुमचा तो कॉर्बिन! सहा फूट अकरा इंच! शनिवारी नऊ फ्री थ्रो मिळाले, गेले किती? दोन! समोर अडवायला कुणी नाही, रिंग पंधरा फुटांवर, आणि हा चेंडू असा भिरकावतो, जसं काही घरात वटवाघूळ शिरलंय!"

"मग करू काय?"

"आजीफेक!"

टाइमआउट. आजीफेक म्हणजे चेंडू दोन्ही हातांत धरायचा, गुडघे वाकवायचे, मांड्यांमधून झुलवून खालून वर सोडायचा. जातो अगदी अलगद. पण दिसतं कसं? बादलीतलं पाणी अंगणात ओतल्यासारखं! त्यामुळे पोरं सामना हरतील, पण असं फेकणार नाहीत. टाइमआउट संपला.

"लाज वाटते त्यांना, लाज!" वर्लिन गॅरेजभर येरझाऱ्या घालत होता. "त्या व्यावसायिक लोकांना बघून बिघडलीत सगळी! तिकडे चेंडू न आपटता चार पावलं चाला, शिट्टी नाही! वर्षाला ब्याऐंशी सामने, त्यातला महत्त्वाचा कुठला? इथे मार्चच्या स्पर्धेत एक हरलात की चालले घरी! इथे फ्री थ्रो चुकला तर आख्ख्या गावाला जेवण जात नाही!"

"टेरी, असं करू. या शनिवारी, मध्यंतरात. दहा फ्री थ्रो. सात घातलेत, तर कॉर्बिन आजीफेक करेल. माझा शब्द."

"सात? आठ घालीन! नाही घातले तर माझी खुर्ची देईन! नववी रांग, बारा नंबर! वडिलांनी मृत्युपत्रात ठेवलेली! कायमची देईन!"

फोन आपटला. छाती काढून दोन पावलांवरच्या स्वयंपाकघरात आला.

टाइमआउट, छोटा. कुणीतरी एकदा पंचाच्या आईबद्दल बोललं होतं. तेव्हापासून या रेडिओवर सगळं सात सेकंद उशिरा जातं. फोनही, सामनेही.

"कुठे होतास?" डोरेटा, त्याची बायको, पाय कापत होती. म्हणजे खायचा, भट्टीत भाजलेला, साखर-सायीचा.

"पाना शोधत होतो."

आणि फळीवरच्या रेडिओतून वर्लिनचाच आवाज कडाडला, "वडिलांनी मृत्युपत्रात ठेवलेली! कायमची देईन!"

डोरेटाची सुरी थांबली नाही. "सापडला का पाना?"

"तुला... कधीपासून माहीत आहे?"

"अकरा वर्षं. मला, पोस्टमनला, पाद्रींना. तेरा नंबरवर मी बसते, वर्लिन. आता माझ्या शेजारी कोण येऊन बसणार, तेवढं सांग."

वर्लिन मटकन बसला. त्या बारा नंबरवर तो सहा वर्षांचा असताना वडिलांच्या मांडीवर बसला होता. खुर्चीच्या हातावर वडिलांच्या अंगठीचा ओरखडा होता. प्रत्येक फ्री थ्रोला त्याचं बोट त्यावरून फिरे.

मंगळवारपासून गॅरेजवरच्या रिंगखाली सराव. बर्फ पडलेलं. डोरेटा एका हाताने फावडं मारी, दुसऱ्या हाताने चेंडू परत देई. मंगळवारी दहात चार. बुधवारी पाच. गुरुवारी सात. शुक्रवारी, आजीफेकीने, नऊ!

"नऊ!" वर्लिन नाचला. "बघितलंस?"

"मी बघितलं," डोरेटा म्हणाली. "उद्या तीन हजार बघतील."

मध्यंतर

"कोर्टवर येत आहेत, कोकोमोचे टेरी!" भोंगा गरजला.

वर्लिन उठला. आणि समोरच्या दारातून टाय लावलेला एक किडकिडीत माणूसही आत आला.

"मी टेरी. टेरी ओल्डफादर," तो म्हणाला. कॉलेजच्या ऑफिसने कोकोमोच्या फोनबुकात शोधून त्याला रीतसर आमंत्रण दिलं होतं! "अकरा वर्षं लोक मला दुकानात गाठून भांडतायत. मी कधी फोन केलेला नाही हो! मी बास्केटबॉल बघतच नाही. मी मासे पाळतो."

तीन हजार माणसांनी श्वास रोखला. इंडियानात असं कुणी चारचौघांत बोलत नाही!

"मग फोन करत होतं कोण?" कोचनी हसू दाबत विचारलं.

आता बघा. वर्लिन सुटला होता! नुसतं गप्प बसायचं, खुर्ची शाबूत. पण गप्प? वर्लिन?

"माझं म्हणणं फक्त एवढंच होतं की..."

"टेरीऽऽऽ!" आख्खं सभागृह ओरडलं.

झालं. तो रेषेवर उभा राहिला. चेंडू हातात. गुडघे वाकवले. चेंडू मांड्यांमध्ये नेला. आणि मागच्या रांगेतून एक आवाज आला, "ए आजीबाई, झगा सांभाळ!"

एकच आवाज. एवढंसं हसू. वर्लिनचे कान भट्टीसारखे तापले. आणि चेंडू आपोआप वर गेला. डोक्यावर! भिरकावला. रिंगलाही लागला नाही.

"खालून, वर्लिन! खालून!" नवव्या रांगेतून डोरेटा.

त्याला का कळत नव्हतं? पण हात खाली जाईनात! दुसरा वरून. तिसरा वरून. दहापैकी दोन गेले, त्यातला एक डोळे मिटून.

कॉर्बिनने घरंगळत आलेला चेंडू उचलला. "सर, आजीफेक का नाही केलीत?"

"लोक बघत होते रे."

"हो ना," कॉर्बिन म्हणाला.

उत्तरार्ध

खुर्ची कोचनी टेरीला दिली. अकरा वर्षांच्या शिव्यांची भरपाई! सभागृह भरलेलं, एक जागा रिकामी नाही. वर्लिन बाहेर आपल्या व्हॅनमध्ये जाऊन बसला. रेडिओ लावला.

टिल्डन एका गुणाने मागे. चार सेकंद बाकी. कॉर्बिनला दोन फ्री थ्रो.

आणि विटांच्या भिंतीपलीकडून गर्जना!

गेला? चुकला? ही गर्जना आपली की त्यांची? रेडिओ अजून मागेच होता, कॉर्बिन घाम पुसत होता. वर्लिन मोजायला लागला. एक. दोन. बोट सीटवर ओरखडा शोधत होतं. तीन. चार. आत धावावं म्हणून दार उघडलं, लावलं. पाच. सहा.

"कॉर्बिन रेषेवर... हे काय? गुडघे वाकवतोय! चेंडू खाली! खालून... आत!"

आणि तेवढ्यात भिंतीपलीकडे दुसरी गर्जना. पुन्हा सात सेकंद! वर्लिनने स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

"...आत! चार सेकंद... संपले! टिल्डन जिंकलं!"

अकरा वर्षांचं म्हणणं खरं ठरलं होतं, आणि ते सगळ्या गावाने बघितलं होतं. एक माणूस सोडून.

"कॉर्बिन, हे धाडस आलं कुठून?" रेडिओवाल्याने विचारलं.

"मध्यंतरात एका गृहस्थांना वरून फेकताना बघितलं," कॉर्बिन म्हणाला. "म्हटलं, याहून वाईट काही दिसूच शकत नाही."

व्हॅनच्या काचेवर टकटक झाली. डोरेटा. मागे टेरी ओल्डफादर, टाय सुटलेला, घसा बसलेला, डोळे लाल.

"तो शेवटच्या मिनिटाचा पंच!" टेरी ओरडला. "तुम्ही सोमवारी फोन किती वाजता करता हो?"

वर्लिनने त्याच्याकडे बघितलं. मग सरकून त्याला जागा करून दिली.

"सहाला," तो म्हणाला. "पण आधी रेडिओ बारीक करायचा."