पगार एकटा पाहू नका

बडा गणपतीजवळच्या गल्लीत राहायला आलो त्याच आठवड्यात मी एक चूक केली. शेजारचे रिसालदारसाहेब ओट्यावर दाढी करत होते. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "काय हो, फौजेत आणि नेव्हीत पगार सारखाच असतो का?"

त्या दिवशी मी शाळेत शिकवायला पोहोचलो तेव्हा दुसरा तास चालू होता. हेडमास्तरांना कारण सांगितलं, तर ते रागावले नाहीत. "अच्छा, तुम्हीपण विचारलंत?" एवढंच म्हणाले.

रिसालदारसाहेबांची उभी हयात संस्थानच्या रिसाल्यात, म्हणजे घोडदळात गेली. संस्थान गेलं, मध्यभारत आलं, घोडे गेले. मिशा तेवढ्या राहिल्या. गल्लीत कुणाचा मुलगा मॅट्रिक झाला की बाप पेढे घेऊन सल्ल्याला आधी यांच्याकडे. "पगार एकटा पाहू नका," ते बजावायचे, "सब मिला के देखो." मग वर्दी, बूट, राशन, रेल्वेचा पास, दवाखाना, नेव्हीची रम, सगळं तागडीत पडायचं. आमच्याकडे सत्यनारायणाला तर त्यांनी पानावरच तिन्ही दलं मांडली. भाताची मूद फौज, वरण नेव्ही आणि कोपऱ्यातली चटणी एअर फोर्स. "दिसायला झकास, पोट भरत नाही," असा चटणीचा निकाल लागला. माझी बायको वाढायला आली तर म्हणाले, "बस वहिनी, नेव्ही जास्त झाली."

शेवटी जिंकायची फौजच. कुणी फार ताणलं तर हुकमाचं पान यायचं, "नेव्हीत घोडा देतात का? नाही ना? झालं तर." फौजेतलेही घोडे आता बहुतेक गेले, हे सांगायची हिंमत गल्लीत कुणाची नव्हती.

आणि त्यांचाच एकुलता एक मुलगा वसंता नेव्हीत जायचं म्हणाला.

"आपल्या खान नदीत गुडघाभर पाणी," रिसालदारसाहेब मला म्हणाले, "त्यात पाय भिजवून साहेबजादे समुद्रावर निघाले."

बाप-लेक ओट्यावर समोरासमोर बसले, पंच म्हणून मला मधे घातलं. राशन बरोबरीत सुटलं. दवाखानाही. पण जहाजावर वरचा भत्ता, शिवाय मशीनचं काम शिकायला मिळतं. तिथे फौज मागे पडली. घोडा निघाला तेव्हा वसंता नुसता हसला. "बाबा, तुम्हीच सांगता ना? सब मिला केच पाहिलंय."

रिसालदारसाहेबांनी मिशीला पीळ दिला. मग बारीकसा मुद्दा राहून गेल्यासारखे माझ्याकडे वळले. "मास्तर, एक आयटम राहिला. फौजेत जवळच्या महू छावणीत पोस्टिंग मिळालं, तर माणूस रविवारी घरी जेवून जातो."

त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या घरात पानं दोनच मांडली जायची.

"नेव्ही जिंकली," रिसालदारसाहेब स्वतःच म्हणाले, आणि उठून पोराचे बूट पॉलिश करायला घेतले.

वसंताला गाडीत बसवून आल्यापासून ते ओट्यावर एकटेच बसलेले दिसायचे. दाढी करायचे, नमस्कार घ्यायचे, पण पगाराचा विषय काढायचे नाहीत. गल्लीतही कुणी काढेना. मी हे बायकोला सांगितलं. ती मेथी निवडत होती.

"रविवारी त्यांना जेवायला बोलवा," ती म्हणाली. "आणि आल्याबरोबर विचारा, फौजेत आणि नेव्हीत पगार सारखाच असतो का."