पाच वाजताचा विद्यार्थी

"घंटेत कापूस कोणी कोंबला?" क्लचबाईंनी दारातूनच विचारलं. घरातल्या दोघांनीही असा चेहरा केला, जणू कापूस स्वतःच्या पायांनी चालत घंटेत शिरला होता.

क्लचबाई म्हणजे गाडी शिकवण्याच्या शाळेच्या मालकीण. "क्लच! अहो, क्लच दाबा!" असं ओरडत त्यांनी अर्ध्या शहराला गाडी शिकवली, म्हणून हे नाव. बाई नाकावर माशी बसू देणाऱ्यातल्या नव्हत्याच. फुप्फुसात कॅन्सरची गाठ निघाली तेव्हा घरच्यांनी हातपाय गाळले, बाईंनी उलट गाठीलाच दम भरला. आधीची औषधं फुकट गेली. मग एक नवं औषध सुरू झालं आणि लिंबाएवढी गाठ वाटाण्यावर आली. मेख एकच होती. ते औषध काहींच्या हृदयाचे ठोके बिघडवत असे. म्हणून हृदयाच्या डॉक्टरांनी बाईंच्या छातीला तारा चिकटवल्या, कमरेला छोटं यंत्र अडकवलं आणि सांगितलं, "हे दिवसभर ठोके टिपत राहील. तुम्ही फक्त रोजच्यासारखं वागा. ठोके बिघडलेले दिसले तर मात्र औषध बंद करावं लागेल."

त्यातला 'बंद' एवढा एकच शब्द यजमानांच्या कानात शिरला. यजमान पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले, मुळात घाबरट. त्यांनी ताबडतोब आपल्या धाकट्या बहिणीला मदतीला बोलावलं आणि दोघांनी ठरवलं की ठोके वाढू नयेत म्हणून बाईंना आज बाहेरचं काहीही कळू द्यायचं नाही. टीव्हीची तार काढली. घंटेत कापूस कोंबला. शिकाऊ मंडळींना परस्पर फोन करून दिवसभराचे तास रद्द केले. गाडीची किल्ली पिठाच्या डब्यात पुरली.

गडबडीत एका शिंप्याला फोन करायचा राहिला. त्याची त्याच सकाळी लायसन्सची परीक्षा होती. बिचारा खाली घंटा दाबून दाबून थकला. बाईंना तो खिडकीतून दिसला.

"अहो, किल्ली कुठंय? त्याची परीक्षा आहे!"

"कसली किल्ली?" यजमान छताकडे बघत म्हणाले.

"वहिनी, शांत व्हा. डोळे मिटा आणि समुद्र आठवा," नणंदबाई म्हणाल्या.

"वन्सं, मी आता तुम्हालाच समुद्रात सोडून येईन!"

तेवढ्यात शिंपी समोरच्या, गाडी शिकवणाऱ्याच दुसऱ्या शाळेच्या गाडीत बसून निघून गेला. समोरच्या शाळेच्या! बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. यजमान पळत आले आणि त्यांचं मनगट धरून मोठ्यानं ठोके मोजायला लागले. "अगं, शंभर! शंभराच्या वर गेले!"

"तुम्ही मोजायचं थांबवा, आपोआप उतरतील!"

दुपारी बाईंचा जरा डोळा लागला, तर श्वास चालू आहे ना हे बघायला यजमानांनी त्यांच्या नाकाखाली आरसा धरला. बाई किंचाळून उठल्या. आरसा फुटला. आरसा फुटल्यावर नणंदबाईंना रडू फुटलं, आणि त्यांची समजूत काढता काढता बाईंची संध्याकाळ गेली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पडद्यावर ती ठोक्यांची रेघ दाखवली. रेघ कसली, करवतच.

"मला वाईट वाटतंय," डॉक्टर म्हणाले, "पण औषध थांबवावं लागेल."

"का म्हणून?" बाई ताडकन उठल्या. "ज्या औषधानं गाठ आटली ते थांबवता? अहो, ठोके औषधानं नाही, ह्यांनी बिघडवलेत! थांबवायचंच असेल तर ह्यांना थांबवा!"

"बाई, हृदयाशी खेळ नको."

"खेळ कोण करतंय? तुम्ही रोजच्यासारखं वागा म्हणालात. माझ्याकडे रोज कोणी नाकाखाली आरसे धरत नाही. मला माझा दिवस द्या, मग काय ते ठरवा. त्याशिवाय मी ह्या खुर्चीवरून हलायची नाही."

आणि खरंच हलल्या नाहीत. बाहेर पेशंट खोळंबले. शेवटी डॉक्टरांनी हात टेकले. "एकदाच. परत असंच निघालं, तर औषध बंद."

घरी येताच बाईंनी घंटेतला कापूस उपसला, पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून किल्ली काढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तारा लावून गाडीत बसल्या. पहिल्या विद्यार्थ्यानं कचराकुंडी आडवी केली. दुसरीनं चढावर गाडी मागे सोडली आणि मागच्या टेम्पोवाल्यानं दोघींच्या सात पिढ्या काढल्या. बाई आपल्या पायाखालचा जादा ब्रेक दाबत, "क्लच, क्लच," म्हणत खुशाल होत्या. हा त्यांचा रोजचा दिवस होता.

पाचचा तास मात्र रिकामा निघाला. परवाच्या फोनमुळे पाचचा विद्यार्थीही समोरच्या शाळेत पळाला होता.

"अहो, या. बसा," बाईंनी यजमानांना चालकाच्या जागेकडे बोट दाखवलं.

"मी? अगं, काहीतरीच काय!" लग्नानंतर एकदाच ते त्या जागेवर बसले होते आणि फाटकाचा खांब पाडून उतरले होते. त्यानंतर त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता.

"रोजच्यासारखा दिवस म्हणजे पाचचा विद्यार्थी हवाच. पळवलात तुम्हीच, आता भरून द्या."

यजमान घामाघूम होऊन बसले. गाडी चारदा बंद पडली. एका सायकलवाल्यानं त्यांना वळून हात जोडले. तरी रडतखडत सगळी फेरी झाली आणि घरासमोर आल्यावर, दोन गाड्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, यजमानांनी गाडी उलटी घेतली आणि एका दमात बरोब्बर बसवली. मग ते आशेनं बायकोकडे बघत राहिले.

"आरसा बघितला नाहीत," बाई म्हणाल्या आणि उतरल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी नवी रेघ उलगडली. "कमाल आहे! दिवसभर एकदम संथ." मग त्यांचं बोट थांबलं. "पण हे काय? सहा वाजायच्या सुमारास ठोक्यांनी केवढी उडी मारलीय. तेव्हा काय झालं होतं?"

बाई भिंतीकडे बघायला लागल्या. "काही नाही."

"धावपळ? भांडण?"

"नाही म्हटलं ना."

डॉक्टर गंभीर झाले. "बाई, मला कारण हवंय. विनाकारण ठोके उडाले असतील तर ते मला औषधाच्याच नावावर टाकावं लागेल. मग औषध गेलं."

यजमान पुढे सरसावले. "अगं, असेल काही तर सांग ना. माझं चुकलं असेल तर माझं नाव सांग."

"तुमचंच सांगते," बाई फणकारल्या. कानापर्यंत लाल झाल्या होत्या. "डॉक्टर, ह्यांनी गाडी लावली. उलटी, एका दमात. आयुष्यात पहिल्यांदा. मला... भरून आलं. वाटलं, किती छान जमलं ह्या माणसाला. तेव्हाचे आहेत ते ठोके. झालं समाधान? आता औषध द्या माझं."

डॉक्टरांनी मान खाली घालून औषध पुढे चालू ठेवावं असं लिहिलं. त्यांचे खांदे हसून हलत होते.

"पण तू तर म्हणालीस आरसा बघितला नाही," यजमान हळूच म्हणाले.

"नव्हताच बघितला!"

यजमान डॉक्टरांकडे वळले. "डॉक्टर, त्या रेघेचा तेवढा तुकडा मला छापून मिळेल का?"

"तुम्हाला कशाला?"

"नाही, म्हणजे," यजमान ओशाळून म्हणाले, "हिनं माझं कौतुक केल्याचा दुसरा काही पुरावा नाहीये."

डॉक्टरांनी कागद छापून दिला. यजमानांनी तो चार घड्या घालून खिशात ठेवला आणि खिशावर हात ठेवूनच बाहेर आले. गाडीपाशी बाईंनी किल्ली त्यांच्या हातात आपटली.

"घ्या. आणि ह्या वेळी आरसा बघा."